भाव नको, पट्टी दाखवा

लोणंदच्या बाजारात कांदा विकलेल्या माणसाला भाव आणि पट्टी यांतला फरक शिकवावा लागत नाही. लिलावात पुकारलेला भाव गावभर सांगायला असतो. घरी येते ती पट्टी. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात जे उरतं ते. पण याच लोणंदमध्ये एखाद्या पोराला आखातात नोकरी लागली की सगळे फक्त भाव विचारतात. पगार किती? मग रियालला बावीस-तेवीसने गुणायचं, तोंडात बोटं घालायची आणि पेढे वाटायचे.

महिन्याभरापूर्वी माझा भाचा असाच पेढे घेऊन आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, शिरवळच्या एका कारखान्यात देखभाल विभागात नोकरी, पगार एकतीस हजार. सौदीतल्या जुबैलहून ऑफर आलेली, महिना ५,००० रियाल. रुपयांत सव्वा लाखाच्या जरा अलीकडे. तो म्हणाला, "मामू, मी एकटा नाही जाणार. बायकापोरांना घेऊनच जाणार. अब्बांसारखं करणार नाही."

अब्बांसारखं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. माझे मेहुणे शारजात चौदा वर्षं होते. मोठ्या खोलीत आठ जण, दोन वर्षांतून एकदा दीड महिन्याची सुट्टी. आपाने तीन मुलं एकटीने वाढवली. मेहुणे कायमचे परत आले तेव्हा धाकटी भाची कॉलेजात होती आणि बापाशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची. घर पक्कं झालं, भाचींची लग्नं झाली, पैसा कामाला आला, हे मी नाकारत नाही. पण त्या चौदा वर्षांबद्दल त्या घरात कुणी फारसं बोलत नाही. भाच्याचा हट्ट कुठून आला, ते मला लगेच कळलं.

लोक माझ्याकडे आयकराचे कागद घेऊन येतात, म्हणून त्यानेही हिशेब माझ्याकडेच आणला. मी म्हटलं, आधी एक काम कर. रुपये विसर. जिथे खर्च करायचा त्याच नाण्यात हिशेब मांड.

पहिली ओळ मीच लिहिली, कारण ती त्याच्या कागदावर नव्हतीच. सौदी सरकारने जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या सोबत राहणाऱ्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसावर शुल्क लावलं. पहिल्या वर्षी माणशी महिना १०० रियाल, मग दरवर्षी शंभरने वाढ, २०२० पासून ४००. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिना १,२००, वर्षाला १४,४०० रियाल. रुपयांत तीन लाखांच्या वर. आपल्याकडे अभिमानाने सांगतात, "तिकडे पगारावर टॅक्स नाही." बरोबर आहे, पगारावर नाही. बायकोमुलांवर आहे. आणि तो चाळीस हजार कमावणाऱ्याला जेवढा, तेवढाच चार हजारवाल्यालाही.

बाकीच्या ओळी त्याने तिथल्या मित्राला फोन करून भरल्या. कंपनी राहायला देते ती एकट्या माणसाची सोय. कुटुंब नेलं तर भाडं आपलं. लहानसा फ्लॅट महिना १,५००. थोरल्याची शाळा आणि बस ५००. किराणा, दूध, मटण, मुलांचं सगळं धरून १,०००. इथे हेही लक्षात ठेवायचं की सौदीत जानेवारी २०१८ मध्ये आलेला ५ टक्के व्हॅट जुलै २०२० मध्ये थेट १५ टक्के झाला, आणि तो पिठामिठालाही लागतो. वीज, फोन, गॅस, टॅक्सी ४००. बेरीज ४,६००. हातात उरले चारशे रियाल, म्हणजे सुमारे नऊ हजार रुपये.

इथल्या घराचा हप्ता साडेसात हजार. आपाच्या शुगरच्या गोळ्या आणि तपासण्या दोन हजार. वर्षातून एकदा गावी यायचं तर चार तिकिटं. ती कुठून आणायची, याला कागदावर जागाच उरली नाही.

हाच माणूस एकटा गेला तर? राहायला कंपनीची खोली, जेवण आणि वरखर्चाला हजार रियाल. चार हजार घरी येतात, म्हणजे नव्वद हजार रुपये. एकटा गेला तर नव्वद हजार, चौघं गेले तर नऊ. मेहुणे चौदा वर्षं एकटे का राहिले याचं उत्तर घरात आजवर 'त्यांचा स्वभाव' असं दिलं जायचं.

ही एकट्या सौदीची गोष्ट नाही. अमिरातीत कुटुंब बोलावायला पगार किमान ४,००० दिरहम लागतो, किंवा ३,००० आणि राहायची जागा. कुवेतने २०२४ मध्ये कुटुंबाचे व्हिसा पुन्हा सुरू केले ते महिना ८०० दिनारांची अट घालून. या देशांना आपले हात हवेत. त्या हातांमागचं घर नको आहे, आणि ते त्यांनी आकड्यांत लिहून ठेवलं आहे. तेलाचे भाव २०१४ नंतर पडले, सरकारी तिजोरीला दुसरं उत्पन्न हवं होतं, हे त्यांचं कारण. त्यांच्या जागी ते बरोबरही असेल. पण आपण तिकडे निघताना ते वाचायला नको का? २०१७ नंतर सौदीतून कितीतरी भारतीय कुटुंबं मुलांची शाळा अर्धवट सोडून परत आली. बाप तिथेच राहिला.

सातारा-सांगलीला हे नवीनही नाही. आपल्या भागातली माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा बायका गावीच राहिल्या. गिरणगावातल्या एका खोलीत पाळीपाळीने झोपायचं, खानावळीत जेवायचं आणि मनीऑर्डर धाडायची. मुंबईतलं भाडं आणि गिरणीतला पगार यांचं गणित जुळत नव्हतं म्हणून गावातल्या बाईने शेत, म्हातारी माणसं आणि पोरं सांभाळून तो पगार पुरवला. १९८२ च्या संपानंतर ती माणसं परतली तेव्हा गावाने त्यांना पोसलं. याउलट खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले देशभर पसरले, ते हळूहळू बायकामुलांना घेऊन. कारण त्यांचं दुकान त्यांचं होतं आणि मुलखात राहायला कुणाची परवानगी लागत नव्हती. नोकरीच्या कागदावर राहणाऱ्या माणसाची गोष्ट वेगळी. नोकरी गेली की घरही गेलं.

आता त्या दिवशीची खरी गोष्ट. आम्ही दोघं मामाभाचे बाहेरच्या खोलीत हे आकडे मांडत होतो. भाचेसून चहा ठेवून आत निघाली होती. मी सहज विचारलं, तुझं काय म्हणणं? ती थांबली आणि म्हणाली, "मेरेकू कोई पूछ्या क्या?"

कुणीच विचारलं नव्हतं. ती गावातल्या एका खासगी शाळेत बालवाडीला शिकवते. पगार नऊ हजार. आमच्या कागदावर हे नऊ हजार कुठेच नव्हते. तिकडे ती आश्रित म्हणून जाणार, नोकरी सहज करता येणार नाही. म्हणजे इथले तिचे नऊ हजार घालवायचे आणि तिथे सगळं काटकसरीने भागवून नऊ हजार वाचवायचे. नवऱ्याचे इथले एकतीस हजार तर बाजूलाच राहिले. आम्ही दोघं हिशेबाचे जाणकार, आणि ही चूक तिने पाच मिनिटांत दाखवली. मग ती बसली. थोरला बारावीपर्यंत तिकडेच शिकला तर त्याला इथे राज्याच्या कोट्यातून मेडिकलला जागा मिळेल का, हेही तिनेच विचारलं. दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली लागते, हे आम्हाला ठाऊक होतं. सुचलं मात्र नव्हतं.

आपा कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली की माझ्या वेळी असा कागद कुणी केला असता तर निदान मला कळलं असतं की मी काय विकतेय.

माझं म्हणणं 'जाऊ नका' असं नाही. पाच हजारांचे आठ हजार झाले, कंपनीने घर आणि शुल्क उचललं, तर जरूर जा, सगळे जा. काही कंपन्या कुटुंब भत्ता देतातही. पण तो ऑफर लेटरमध्ये लिहून यायला हवा. एजंटने तोंडी सांगितलेलं विमानतळापर्यंतही टिकत नाही. भाच्याकडे एका एजंटने दीड लाख मागितले होते. कायद्याने नोंदणीकृत एजंटला कामगाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, पावती देऊन. एजंट नोंदणीकृत आहे की नाही, ते केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर मोबाईलवरून पाहता येतं. नोकरी सुटल्यावर मिळणाऱ्या रकमेवरही लोक स्वप्नं बांधतात. सौदी कायद्यात पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला अर्धा पगार एवढीच ती असते, आणि दोन वर्षांच्या आत स्वतःहून राजीनामा दिला तर शून्य.

हे सगळं कुठे कळतं? दहावीही न झालेल्या कामगारासाठी जाण्याआधीच्या प्रशिक्षणाची सोय सरकारने केली आहे. डिप्लोमावाल्याला ते बंधन नाही, आणि बायकोला तर कुणी बोलावतच नाही. केरळने १९९६ मध्येच परदेशी गेलेल्यांसाठी स्वतंत्र खातं काढलं. आपल्याकडे साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात यासाठी एक टेबल असावं, ही मागणी काही फार मोठी नाही. पण त्याची वाट पाहत बसू नये. आपल्या मोहल्ल्यांत दहावी-बारावीच्या मुलांचे सत्कार होतात, करिअर मार्गदर्शन होतं. त्याच हॉलमध्ये महिन्यातून एक रविवार परत आलेल्या माणसांना आणि त्यांच्या बायकांना बसवा. हो, बायकांनाही, आणि मागच्या रांगेत नाही. जाणाऱ्याने ऑफर लेटर आणावं, सोबत घरच्या बाईला आणावं. कोणत्याही जातीधर्माचा असो, कागद तोच आहे.

भाच्याने कंपनीला मेल केला आहे. कुटुंबाचं शुल्क कोण भरणार, घरभाडं मिळेल का, हे दोनच प्रश्न, आणि मसुदा बायकोने तपासलेला. उत्तर अजून आलेलं नाही. शिरवळची नोकरी त्याने सोडलेली नाही.