परप्रांतीय गेला तर काम कुणाला मिळेल?

आमच्या मोहल्ल्यातला एक मुलगा, शाळा नववीत सुटलेला, बांधकामावर काम मागायला गेला. मुकादम म्हणाला, "तुझ्यापेक्षा बिहारचा पोरगा कमी हजेरीत येतो. वर साइटवरच झोपतो." मुलगा परत आला तो बिहारींना शिव्या देतच.

त्याचा राग खोटा नाही. "इथली पोरं करत नाहीत ती कामं ते करतात" हे वाक्य मला आवडत नाही. ज्यांच्या मुलांवर ती कामं करायची वेळ कधी येणार नाही, त्यांच्याच तोंडी ते जास्त असतं. (माझं नाव वाचून मी कुणाची वकिली करतोय हे ज्यांनी आधीच ठरवलंय, त्यांनी पुढचंही वाचावं.)

समजा, सगळे परप्रांतीय उद्या निघून गेले. मग या मुलाची मजुरी वाढेल? असा प्रयोग अमेरिकेत होऊन गेलाय. १९४२ पासून तिथे मेक्सिकोतून करारावर शेतमजूर आणत. 'ब्रासेरो' योजना म्हणत तिला. त्यामुळे स्थानिक मजुरांचे दर पडतात, या कारणावरून १९६४ अखेर ती बंद झाली. पुढे अर्थतज्ज्ञांनी आकडे तपासले. जिथून हे मजूर गेले आणि जिथे ते मुळात नव्हतेच, त्या राज्यांतल्या मजुरीवाढीत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. मालकांनी काय केलं? कॅलिफोर्नियात टोमॅटो तोडायला यंत्रं आणली.

आपल्याकडे १९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात पाच किंवा जास्त परराज्यातले मजूर असले की ठेकेदाराला परवाना लागायचा, मजुरांची नोंद लागायची, आणि त्याच कामाला स्थानिकाइतकीच मजुरी द्यावी लागायची. नीट पाहिलं तर ही शेवटची अट बिहारीइतकीच आमच्या मुलाच्याही कामाची. दोघांची हजेरी सारखी असती तर मुकादमाला स्वस्त माणूस निवडताच आला नसता. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माणसं पायी गावाकडे निघाली, तेव्हा कळलं की त्यांची धड नोंदही कुठे नाही.

२००८ मध्ये टॅक्सीवाल्यांना मार बसला. ठेकेदाराचं हजेरीपुस्तक तपासा म्हणून निघालेला मोर्चा मात्र मला आठवत नाही. त्याच २०२० साली नव्या श्रमसंहितेने पाचाची अट दहावर नेली. नऊ मजूर आणणारा ठेकेदार त्यातून सुटला, आणि आमच्या मोहल्ल्यात काम देणारे बहुतेक ठेकेदार एवढेच असतात.