तयारीविना एकही सर्व्हर ताफ्यात राहणार नाही

हा इशारा आमचे बिल्ड सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक गटाला आहे. पुण्याच्या ऑफिसात बसणाऱ्यांना आहे, तसाच माण तालुक्यातल्या दहिवडी, म्हसवड, गोंदवल्यात घरून काम करणाऱ्यांनाही. तोंडी सांगून झालं. आता लेखी.

नवा सर्व्हर उभा राहतो आणि त्याच मिनिटाला त्याच्यावर कामं लादली जातात. उबंटूचं मशीन पहिल्यांदा सुरू झालं की क्लाउड-इनिटची मांडामांड चाललेली असते, मागे अनअटेंडेड-अपग्रेड्स सुरक्षेचे अपडेट बसवत असतं आणि डीपीकेजीचं लॉक त्यानं धरून ठेवलेलं असतं. तेवढ्यात आपली बिल्ड पॅकेज बसवायला जाते. लॉक मिळत नाही, बिल्ड लाल. थोड्या वेळानं कुणीतरी 'रीरन' दाबतं, ती हिरवी होते, आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

हे चालणार नाही. रीरननं हिरवी झालेली बिल्ड दुरुस्त झालेली नसते. लाल दिसलं तरी लॉग न उघडण्याची सवय आपल्याला जडली आहे. उद्या कोडमधलाच एखादा खरा दोष अधूनमधून डोकं वर काढेल, तेव्हाही बोट रीरनवरच जाईल आणि तो दोष थेट ग्राहकाच्या हातात पडेल. शिवाय रात्री वीज गेल्यावर इन्व्हर्टरच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर माणमध्ये जागत बसलेल्या आपल्या सहकाऱ्याचा वेळ काय फुकटचा आहे?

जिहे-कठापूर योजना कृष्णेचं पाणी माणमधल्या आंधळी धरणाकडे आणण्यासाठी आहे. आवर्तन सुटण्याआधी चारी साफ करावी लागते, हे माणच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. सर्व्हरचंही तसंच. इमेज तयार करतानाच सगळं बसवा, आणि क्लाउड-इनिटचं काम पूर्ण झाल्याशिवाय बिल्डची कामं घेणारा एजंट सुरू होऊ देऊ नका.

तयारी रूट खात्यानं करून मोकळं होऊ नका. बिल्डच्या साधनांची पहिल्या वेळची मांडणी बऱ्याचदा ज्या-त्या खात्याच्या होम फोल्डरमध्ये होते. रूटनं केलेली तयारी बिल्डच्या खात्याला दिसत नाही, उलट रूटच्या मालकीच्या फायली मध्ये आडव्या येतात. ज्या खात्यानं बिल्ड चालणार, त्याच खात्यानं एक छोटा प्रकल्प आधी एकट्यानं बिल्ड करून घ्या. डॉटनेटच्या जुन्या आवृत्त्या पहिल्याच कमांडला पॅकेजांचा साठा उलगडत बसायच्या. 3.0 पासून तो साठा गेला, पण डेव्हलपर सर्टिफिकेट तयार करणं राहिलंच, ते सर्व्हरवर बंद ठेवा. अँड्रॉइड एसडीकेचे परवाने आणि एक्सकोडचा करार इमेजमध्येच मान्य करून ठेवा. मेव्हनची एकच लोकल रिपॉझिटरी दोन समांतर बिल्डना देऊ नका.

सर्वांत घातक चूक क्लोनची. मशीन-आयडी न पुसता इमेज गोठवली की तिच्यापासून निघालेली सगळी मशीन एकच ओळख घेऊन उठतात. उबंटूचा नेटवर्कडी डीएचसीपीकडे जाताना याच आयडीवरून स्वतःची ओळख सांगतो, म्हणून दोन सर्व्हरना एकच आयपी मिळू शकतो. मग एकाची बिल्ड चालू असताना दुसऱ्याचं कनेक्शन तुटतं आणि लोक दिवसभर केबल आणि स्विच तपासत बसतात. इमेज गोठवण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करा आणि एसएसएचच्या होस्ट की काढून टाका. त्या पहिल्या बूटला नव्यानं तयार व्हायला हव्यात.

मुदत येत्या शुक्रवारी संध्याकाळी 6 वाजेपर्यंत. सोमवारी सकाळी प्रत्येक सर्व्हर कोऱ्या इमेजवरून उठवला जाईल आणि उठल्याबरोबर त्यावर एकाच वेळी दोन बिल्ड सोडल्या जातील. एक जरी पडली तरी तो सर्व्हर ताफ्याबाहेर. रिलीज तोंडावर आहे ही सबब ऐकली जाणार नाही. त्याच दिवसापासून कारण न लिहिता रीरनही दाबता येणार नाही. मुदतवाढ हवी असेल तर गटप्रमुखानं गुरुवारपर्यंत मशीनचं नाव आणि नेमकी अडचण लिहून कळवावी. फोनवर मुदतवाढ मिळणार नाही.