बीडचा फोटो कुणी काढायचा?

पालीजवळचे बिंदुसरा धरण भरून सांडव्यावरून पाणी पडू लागले, की बीड शहरात बातमी पसरायला तासभरही लागत नाही. दुचाकीवर तिघे-तिघे बसून, रिक्षा करून, लेकरांना कडेवर घेऊन माणसे तिकडे निघतात आणि पोचल्यावर पहिले काम करतात ते फोटो काढण्याचे. आजीला पाण्याकडे पाठ करून उभे केले जाते. नवी नवरा-नवरी लाजत जवळ सरकतात. पोरे फेसाळत्या पाण्याकडे पळतात आणि आया मागून ओरडतात. ज्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तेवढाही यंदा पडेलच याची खात्री कुणी देत नाही, तिथली माणसे इतक्या हौसेने वाहत्या पाण्याचा फोटो काढतात, ही गोष्ट इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगी आहे. कारण गेल्या दीडशे वर्षांत या जिल्ह्याचे जे फोटो जगाने पाहिले, ते बहुतेक पाणी नसल्याचे आहेत.

छायाचित्रण मराठी मुलखात आले ते हौस म्हणूनच. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यातले एक कर्ते सभासद, आणि हरिश्चंद्र चिंतामण हेही त्याच पहिल्या पिढीतले. १८५६ पासून मुंबईतच 'द इंडियन अ‍ॅमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' निघू लागला. म्हणजे हौशी छायाचित्रकारांची चळवळ आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांची होत आली आहे. पण ती हौस डॉक्टरांची, अधिकाऱ्यांची, शेठ-सावकारांची होती. काचेच्या तावदानावर रसायन चढवायचे, ते ओले असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळायच्या आत अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायचे, असा तो खटाटोप. त्याला पैसा लागे, नोकर लागत, बैलगाडी लागे. निजामाच्या राज्यातल्या बीडच्या रयतेला त्या गाडीत जागा नव्हती.

कॅमेरा या भागात आला तो पाहणीसाठी. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या हंगामात निजामाच्या बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या प्राचीन वास्तूंची पाहणी केली आणि १८७८ साली तिचा अहवाल छापला. पुराणवस्तूंच्या त्या काळच्या पाहण्यांनी आपल्यावर मोठे उपकार केले आहेत, यात वाद नाही. लेणी, खांब, तोरणे, त्यांची मापे नोंदली गेली नसती, तर आज काय पडले आणि काय उरले हे कळायला मार्ग नव्हता. मात्र त्या चित्रांत गावचा माणूस आलाच, तर खांबाची उंची कळावी म्हणून त्याला शेजारी उभा केलेला असतो. नाव खांबाचे असते, माणसाचे नसते.

मग राजा दीनदयाळ. त्यांची कहाणी आम्हाला फार मोलाची वाटते, कारण निजामाचा हा दरबारी छायाचित्रकार मुळात हौशी होता. रुडकीला अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४ च्या सुमारास छंद म्हणून त्यांनी कॅमेरा हातात घेतला. तुकोजीराव होळकरांनी पाठीवर हात ठेवला. पुढे सहाव्या निजामाने, महबूब अली खान यांनी त्यांना आश्रय दिला आणि सिकंदराबाद-हैदराबादेत त्यांचे मोठे स्टुडिओ उभे राहिले. १८९२ साली तर पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी वेगळा जनाना स्टुडिओ काढला. तिथे कॅमेऱ्यामागेही बाईच असे. शिकारी, मेजवान्या, राजवाडे, वेरूळ, दौलताबाद, सारे त्यांनी टिपले. आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात औरंगाबाद भागातल्या मदतकामांची छायाचित्रेही त्यांच्याच स्टुडिओने घेतली. बरगड्या मोजता येतील अशी माणसे, दगड फोडणाऱ्यांच्या रांगा, अन्नछत्र. ही चित्रे पाहताना आजही घास गिळवत नाही.

मराठवाड्याची पुढली प्रतिमा तिथेच ठरून गेली, असे आमचे मत आहे. राजाला वैभव, वास्तूला माप आणि रयतेला दुष्काळ. १९७२ च्या दुष्काळात तेच झाले, २०१३ च्या दुष्काळात तेच झाले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली, तेव्हा देशभरचे छायाचित्रकार मराठवाड्यात उतरले. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण केज तालुक्यात धनेगावला आहे. त्याच्या कोरड्या पात्रातल्या भेगा आणि त्यात उभा एकटा माणूस हे चित्र साऱ्यांनी पाहिले. ते खोटे नव्हते. ते छापले जायलाच हवे होते, त्यामुळे सरकार हलते. पण त्याच वर्षी परतीच्या पावसाने मांजरा भरले. दारे उघडली, पाणी खाली सुटले. ते पाहायला दिल्ली-मुंबईचे कॅमेरे फारसे नव्हते. काठावरच्या गावांतली माणसे होती आणि त्यांच्या हातात मोबाइल होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात स्वस्त इंटरनेट गावोगाव आले. भरलेल्या धरणाचा फोटो ज्याचा त्याने काढला आणि पुण्याला, मुंबईला, साखर कारखान्यावर गेलेल्या आपल्या माणसाला पाठवला. जिल्ह्याने स्वतःचा फोटो स्वतः काढण्याला खरी सुरुवात तिथून झाली, असे आम्ही मानतो.

मधल्या काळात हौस नव्हती असे नाही. बडोद्यात तयार होणारा आगफा क्लिक थ्री कॅमेरा तालुक्याच्या एखाद्या मास्तरांकडे, डॉक्टरांकडे असे. एका रोळात बारा फोटो. उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म, नाहीतर मिळेल ती. ऊन आहे की ढग एवढे पाहायचे आणि खटका दाबायचा. रोळ संपेपर्यंत दिवाळीची संक्रांत होई. मग तो धुवायला टाकायचा आणि कॉपी हातात येईपर्यंत जीव टांगणीला. बाकीच्यांना फोटो म्हणजे लग्नातला, जत्रेतल्या पडद्यापुढचा, नाहीतर दहावीच्या अर्जावरचा. १९९३ नंतर मतदार ओळखपत्रे निघाली, तेव्हा खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांनी जन्मात पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे पाहिले. त्यांच्या माघारी घरच्यांनी तोच चेहरा मोठा करून भिंतीवर लावला, कारण दुसरा नव्हताच.

आज हे दारिद्र्य संपले आहे आणि त्याचा आनंद मोकळ्या मनाने मानायला हवा. मोबाइलने माणसे बिघडली, हे कीर्तन आपण रोज ऐकतो. जो माणूस फोटोसाठी थांबतो, तो थांबतो तरी, हे कुणी सांगत नाही.

विहिरीवर वाकलेल्या बाभळीचे उदाहरण घ्या. मृग सरला, पाऊस लागला, की सुगरण पक्ष्याचा पिवळ्या डोक्याचा नर तिथे विणकाम सुरू करतो. पात्याच्या कडेला चोच मारून हिरवी पट्टी सर्रकन ओढून काढतो, फांदीला गाठ घालतो, आधी एक कडे बनवतो, मग त्यावर टोपीसारखा घुमट. इथे तो थांबतो. पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती येते, आत शिरते, चोचीने ओढून पाहते. पसंत पडले तर तो खाली नळी विणून घरटे पुरे करतो. नाही पडले, तर ती टोपी तशीच लोंबत राहते आणि पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे सुरू करतो. विहिरीवर मोटार चालू करायला रोज जाणाऱ्या माणसाने पायरीवरून, जवळ न जाता, रोज एकच फोटो काढला, तर श्रावण संपेपर्यंत त्याच्या मोबाइलात ही सारी गोष्ट क्रमाने उतरते. अर्धी सोडलेली टोपी जन्मभर पाहिलेली असते, ती का सोडली हे तेव्हा कळते. महागड्या भिंगाची गरज नाही. त्या विहिरीवर रोज जाणे हीच खरी सामग्री आहे, आणि ती परगावच्या छायाचित्रकाराकडे नसते.

बालाघाटाच्या डोंगररांगांत अशी ठिकाणे पावलोपावली आहेत. पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ पासून आहे, जेमतेम तीस चौरस किलोमीटरचे. सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, कपिलधारला श्रावणात डोंगरावरून धार पडते. पण आमचा आग्रह प्रसिद्ध ठिकाणांसाठी नाही. भाद्रपदात माळावर तरवड पिवळा होतो, जानेवारीत शाळूच्या कणसांवर कोवळे ऊन तिरपे येते, आश्विनात सीताफळाचे डोळे उघडतात, तेव्हा तिकडे पाहणारा एखादाच असतो. आणि एक सांगायलाच हवे. आभाळ होते त्याहून निळे आणि रान होते त्याहून हिरवे करणारी रंगरंगोटी नका करू. बीडचे रान वर्षातले आठ महिने तपकिरी असते. त्या तपकिरीत किती छटा आहेत, हे दाखवायला इथलाच डोळा लागतो.

या हौसेला शास्त्राच्या दरबारातही किंमत आहे. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो राष्ट्रीय अहवाल निघाला, तो तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे, आणि यातली बहुतेक माणसे हौशीच. मोकळ्या माळावरचे पक्षी घटत आहेत, असे तो अहवाल सांगतो. दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ त्यात आहे. विजेच्या तारेवर बसलेल्या नीलकंठाचा गाव आणि तारीख असलेला एक साधा फोटो या हिशेबात जमा धरला जातो. आपल्याकडे माळ आहेत, तारा आहेत, हातात मोबाइल आहेत. नोंद करणारे हवेत. घरट्याजवळ घुसून, फांद्या मोडून, पिलांना उघडे पाडून काढलेला फोटो मात्र कितीही देखणा असला तरी नको.

दसऱ्या-दिवाळीनंतर जिल्ह्यातले लाखो हात कोयता घेऊन ऊसतोडीसाठी कारखान्यांकडे निघतात. त्यांचे बाहेरच्यांनी काढलेले फोटो आपल्याला पाठ आहेत, डोक्यावर मोळी, वाकलेली पाठ, ट्रॉलीवर संसार. आता फडातल्या कोपीत बसलेल्या बाईच्या स्वतःच्या मोबाइलात पाहावे. तिथे कोपीपुढे पहिले पाऊल टाकणारे लेकरू असते, संक्रांतीला हळदी-कुंकू लावून उसाच्या कडेला उभ्या राहिलेल्या चौघीजणी असतात, चिपाडांवर झोपलेले कुत्रे असते, धुक्यात उगवलेला सूर्य असतो. कष्ट त्यात झाकलेले नाहीत, मागे उभेच आहेत. पण त्या बाईला स्वतःच्या आयुष्यातले काय जपावेसे वाटले, हे तिने ठरवले आहे. ऊसतोडीचा इतिहास पुढे कुणी लिहील, त्याला उचलीचे आणि मुकादमाचे कागद मिळतील. हे फोटो मिळाले नाहीत, तर तो इतिहास अर्धा राहील.

आणि ते मिळणार नाहीत, ही आमची काळजी आहे. दीनदयाळांच्या काचेच्या दोन हजार आठशेंहून अधिक निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. आपले फोटो स्टेटसवर चोवीस तास राहतात. मोबाइल विहिरीत पडतो, मेमरी भरली म्हणून मुलगा पुसून टाकतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना त्यातली तारखेची-ठिकाणाची माहितीही गळून जाते. महामार्ग चौपदरी होताना रस्त्याकडेचे जुने वड गेले. त्यांचे फोटो असतील तर कुणाच्या वरातीच्या मागे असतील, आणि ती वरात कोणत्या साली निघाली हे सांगणारेही हळूहळू जात आहेत.

गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी हे काम हाती घ्यावे. दरवर्षी गावातून निवडक फोटो मागवावेत, कागदावर छापून घ्यावेत, मागे पेन्सिलीने गाव, तारीख आणि काढणाऱ्याचे नाव लिहावे. माणसांचे फोटो त्यांना विचारूनच घ्यावेत. त्यातला एक फोटो दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागेवरून काढलेला असावा. बीडमध्ये कंकालेश्वराचे पाण्यात उभे देऊळ आहे, सोळाव्या शतकातली खजाना विहीर आहे. त्यांच्या पाण्याची पातळी अशी वीस वर्षे टिपली गेली, तर भूजलाविषयी गावकऱ्यांना कुणाच्या आकड्यांवर अवलंबून राहावे लागणार नाही. ज्या गावात देऊळ नाही तिथे आठवडी बाजार, पार, ओढ्यावरचा पूल, काहीही चालेल. खर्च एका अल्बमचा आहे.

सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर आपल्या हातात आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी, अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सुरू झाली. कित्येक पिढ्यांनी जिची वाट पाहिली ती गाडी. त्या दिवसाचे फोटो ज्यांच्या मोबाइलात आहेत, त्यांनी नवा मोबाइल घेण्याआधी ते छापून वाचनालयात नेऊन द्यावेत.