उरलेल्या वर्गणीचे काय करावे?

अनंत चतुर्दशी झाली, मांडव उतरले, की आठ-पंधरा दिवसांत कोणत्या ना कोणत्या मंडळाचे कार्यकर्ते माझ्या दवाखान्यात येतात. "डॉक्टर, यंदा खर्च जाऊन थोडी शिल्लक राहिली आहे. आरोग्यासाठी काही करावे म्हणतो. एखादे मशीन सुचवा." प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो. डॉल्बीच्या भिंतीपुढे पैसे उडवण्यापेक्षा हे शतपटीने बरे. तरीही माझे उत्तर ऐकून मंडळी थोडी हिरमुसतात, कारण मी मशीन सुचवत नाही. का सुचवत नाही, ते आज जरा सविस्तर लिहितो.

वर्गणीतून आरोग्याचे काम करणे आपल्याला नवीन नाही. चीनवर जपानने आक्रमण केले तेव्हा, १९३८ च्या जून अखेरीस, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. ७ ते ९ जुलै या तीन दिवसांत 'चीन दिन' पाळून २२ हजार रुपये जमवण्यात आले. त्या लोकवर्गणीच्या बळावर पाच डॉक्टर आणि एक रुग्णवाहिका चीनला गेली. त्या पाचांत आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. वय अवघे २७. चार वर्षे रणभूमीवर शस्त्रक्रिया करून ९ डिसेंबर १९४२ रोजी ते तिकडेच गेले. भैय्या चौकातले त्यांचे घर आज स्मारक आहे. शाळेच्या सहलीबरोबर ते पाहिलेले अनेक जण असतील. मला त्या हकिगतीत एक गोष्ट महत्त्वाची वाटते. लोकांचा पैसा तेथे वस्तूपेक्षा माणसांवर खर्च झाला, आणि काम करणारी माणसे मिळाली म्हणून ती रुग्णवाहिका उपयोगी पडली.

तीच गोष्ट शिक्षणाची. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांसाठी बाया-बापड्यांनी मूठमूठ धान्य बाजूला काढले. मुष्टिफंड म्हणतात तो हाच. मूठभर धान्यातून इमारत होत नाही. पण उद्याची भाकरी होते, आणि भाकरी मिळाली की पोरगे शाळेत टिकते.

आता मशीनकडे वळतो. एका ठिकाणी एका मंडळाने मोठ्या हौसेने ईसीजीचे यंत्र दिले. हार-तुरे झाले, फोटो छापून आला. वर्षभराने पाहिले तर यंत्रावर कापड. कागदाचे रोल संपले होते, ते आणायला पैसे नव्हते आणि यंत्र चालवणारा माणूस सोडून गेला होता. दोष कोणा एकाचा नाही. देणाऱ्याला नाव कोरता येईल अशी वस्तू द्यायला आवडते; रोलवर नाव कोरता येत नाही!

मोफत शिबिरांचेही तेच. शिबिरात रक्तदाब मोजतात, साखर तपासतात, पाच दिवसांच्या गोळ्या देतात. सहाव्या दिवशी काय? रक्तदाब आणि मधुमेह हे जन्मभराचे सोबती. त्यांना गोळी रोज लागते, तपासणी ठरावीक काळाने लागते. ज्या शिबिरानंतर कोणी पाठपुरावा करीत नाही, ते शिबिर म्हणजे पेशंटला "तुम्हाला आजार आहे" एवढे सांगून घरी पाठवणे. शाळेतल्या डोळे तपासणीलाही हाच नियम लावा. चष्मे किती वाटले हे सांगू नका, तीन महिन्यांनी किती मुलांच्या नाकावर आहेत ते सांगा.

मग पैशाची गरज नेमकी कोठे आहे? पूर्वी ती ऑपरेशनला असे. लोक मंगळसूत्र गहाण टाकीत, शेत विकीत. २०१२ साली राज्य सरकारची जीवनदायी योजना सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी आहे. योजनेत अडचणी आहेत, कागदपत्रांचे हेलपाटे आहेत, सगळे आजार तिच्यात बसत नाहीत. तरी मोठ्या शस्त्रक्रियांचा बराच भार तिने उचलला आहे. तिने न उचललेला भार दवाखान्याच्या फाटकाबाहेर आहे. बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे, बरोबर आलेल्या माणसाचे जेवण, आणि घरी राहिलेल्या लेकरांची शाळा.

विडी वळणाऱ्या बाईचे उदाहरण घ्या. सोलापुरात हे समजावून सांगण्याची गरज नाही. तिची मजुरी हजार विड्यांवर ठरते. ज्या दिवशी ती सिव्हिलमध्ये रांगेत बसली, त्या दिवशी विड्या नाहीत, म्हणून मजुरी नाही. तिला क्षय झाला तर औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पण ते साधारण सहा महिने घ्यायचे असते, आणि पहिले काही आठवडे अंगात उठायचेही त्राण नसते. अशा वेळी सूप थोरल्या मुलीच्या मांडीवर येते. एकदा ती मुलगी घरी बसली की पुन्हा शाळेत जाणे अवघड. यंत्रमागावरच्या कामगाराच्या घरीही थोड्याफार फरकाने हेच घडते. आरोग्य, कमाई आणि शिक्षण ही खाती आपण देणग्यांच्या पावत्यांवर वेगवेगळी छापतो. त्या घरात ते एकच खाते असते.

आणि आहार? क्षयरोग आणि उपासमार यांचे नाते आमच्या पिढीच्या डॉक्टरांना ठाऊक होते, पण आता त्याला भक्कम पुरावा मिळाला आहे. झारखंडमध्ये २०१९ पासून एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. २,८०० क्षयरुग्णांना औषधाबरोबर दरमहा सुमारे १० किलोचा शिधा दिला. त्यांपैकी निम्म्या भागात घरातल्या इतर माणसांनाही महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ दिली. जेथे घरच्यांनाही शिधा मिळाला, तेथे त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. थुंकीवाटे पसरणारा क्षय जवळजवळ निम्म्यावर आला. लस नाही, नवे औषध नाही. तांदूळ आणि डाळ! सरकार २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते एक हजार झाले. २०२२ पासून 'निक्षय मित्र' होऊन कोणाही व्यक्तीला वा मंडळाला रुग्णांचा शिधा उचलता येतो. आपल्या किती मंडळांनी हे केले आहे, याचा ज्याने त्याने विचार करावा.

माणसावर आणि पाठपुराव्यावर खर्च केला की काय होते, हे पाहायला झारखंडपर्यंतही जायला नको. आपली बार्शी आहे. डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकाराने १९८२ साली तेथे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय उभे राहिले. १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. या कामासाठी कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांशी बोलत, कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत आणि संशय आला तर रुग्णालयात यायला सांगत. पुढे शेजारच्या धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांवर स्त्रियांचा अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी एचपीव्ही ही चाचणी आयुष्यात एकदा केली, तरी त्या गटातील मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळजवळ निम्म्यावर आले: ३४ विरुद्ध ६४. हा निष्कर्ष २००९ मध्ये जगभर गाजला. त्या अभ्यासाला परदेशी संस्थेचा पैसा होता, हे खरे. तेवढा आपल्या मंडळांकडे नाही. पण एखाद्या बाईला गावातून दवाखान्यात आणण्याचे भाडे, तिच्या बुडालेल्या रोजाचे पैसे, तिच्या घरी पुन्हा पुन्हा जाणाऱ्या ताईंचे मानधन, हे खर्च आपल्या आवाक्यातले आहेत. चाचणीचे नाव वर्तमानपत्रात येते; दारात जाणारी ताई मात्र कोणाला दिसत नाही.

कमाईच्या बाबतीत शिलाई यंत्रे वाटण्याची प्रथा आहे. यंत्र दिले, काम दिले नाही, तर ते कोपऱ्यात पडते. त्यापेक्षा माझी एक साधी सूचना आहे. सिव्हिलमध्ये जिल्ह्यातून, शेजारच्या कर्नाटकातूनही पेशंट येतात. नातेवाईक वडापाव खाऊन दिवस काढतात. मंडळाने एखाद्या बचतगटाकडून रोज ठरावीक डबे विकत घ्यावेत, ज्वारीची भाकरी, एक भाजी, शेंगाचटणी, आणि ते तेथे पोहोचवावेत. त्याच रुपयात पेशंटच्या माणसाचे पोट भरते आणि गटातल्या बायकांना रोजचे गिऱ्हाईक मिळते.

आता थोडे हिशेबाचे. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते, हे अनेकांना माहीत असूनही ते दुर्लक्ष करतात. पावती द्या, जमा-खर्च फलकावर लावा. मोबाईलवर क्यूआर कोड फिरवून एखाद्या पेशंटसाठी पैसे मागण्यापूर्वी दोन चौकशा जरूर करा. पहिली, आजार जन आरोग्य योजनेत बसतो का. दुसरी, जवळ धर्मादाय रुग्णालय आहे का. अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, असे कायदा सांगतो. २००६ च्या उच्च न्यायालयाच्या योजनेनुसार बिलांतून २ टक्के रक्कमही त्यासाठी वेगळी काढायची असते. उत्पन्नाचा दाखला व रेशनकार्ड घेऊन हक्काने विचारा. जे कायद्याने मिळते, त्यासाठी लोकांची वर्गणी खर्ची घालू नका.

एवढे करून शिल्लक उरली तर ती एका दिवसात संपवू नका. बारा महिन्यांत वाटा. शहर वा तालुक्याच्या क्षयरोग केंद्रात जाऊन आपल्या ऐपतीप्रमाणे पाच-दहा रुग्ण घ्या. रुग्णाचे नाव फ्लेक्सवर टाकू नका. आजाराची लाज बाळगणारी घरे अजून आहेत. शिधा रुग्णापुरता न देता घरातल्या सगळ्या खाणाऱ्यांना पुरेल असा द्या. घरात शाळेचे मूल असेल तर त्याची हजेरी मास्तरांकडे विचारा. आणि दोन महिन्यांनी रुग्णाचे वजन केंद्रावर पाहून घ्या. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्या मृत्यूचा धोका बराच कमी झालेला झारखंडमध्ये दिसला होता. चाळीस किलोच्या बाईचे वजन बेचाळीस झालेले असले, तर पुढच्या महिन्याचा शिधा तसाच चालू ठेवा. झाले नसले, तर डॉक्टरांना दाखवा आणि शिधा घरात कोणाच्या ताटात जातो तेही पाहा.