दुखणं मुक्याचं, मुजोरी आपली

मुंबई-पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या लिफ्टशेजारी पाटी असते: कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई. ती लावणाऱ्या कमिटीतले निम्मे सभासद स्वतः गुडघे चोळत लिफ्टची वाट पाहत उभे असतात. पहिल्या मजल्यावर जायचं तरी त्यांना जिना नको. त्याच इमारतीतला बारा वर्षांचा लॅब्रॅडॉर मात्र दोन्ही खुब्यांतली कूर्चा झिजलेली असताना रोज चार मजले उतरतो आणि चढतो. मध्येच थांबला की मालक वरून पट्टा ओढतो. सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने 2015 सालीच मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं. पण आपल्याकडे मंडळापेक्षा सेक्रेटरी मोठा, आणि सेक्रेटरीशी वाकडं घेण्यापेक्षा कुत्र्याला जिना चढवणं मालकाला सोपं.

विचारलं, तर उत्तर ठरलेलं. वय झालं हो त्याचं!

वय झालं हे खरं. पण वय हा काही आजार नाही, आणि म्हातारपणाबरोबर वेदना येणारच, ती सोसायचीच, हा कुठला न्याय? घरातली आजी पंधरा वर्षं गुडघ्यांवर हात ठेवून उठते, तेव्हाही आपण हेच म्हणतो. ज्याच्याकडून आता काही काम होणार नाही, त्याचं दुखणं आपल्या हिशेबातच नसतं. आजी निदान कण्हते तरी. कुत्र्याचा संधिवात बहुधा ओरडत नाही. सकाळी उठताना तो दोनदा प्रयत्न करतो, पहिली काही पावलं आखडून टाकतो आणि मग थोडा मोकळा होतो. सोफ्यावर चढणं सोडतो. एकच सांधा चाटत बसतो. मागच्या मांड्या वाळतात, फरफटीने नखं झिजतात. आपण म्हणतो, शांत झालाय आताशा.

खरी निर्दयता याच्या पुढची आहे. वेळेवर उठता आलं नाही म्हणून जागेवरच लघवी झाली, तर त्याला वर्तमानपत्राची गुंडाळी बसते. पोराने लाडाने पाठीवर रेलून खुब्यावर भार टाकला आणि तो गुरगुरला, की 'चावरा झालाय' असा निकाल लागतो. मग साखळी, गच्ची, नाहीतर गाडीत घालून हायवेवरच्या एखाद्या ढाब्याजवळ सोडून येणं. दुखतंय हे सांगायला त्याच्याकडे गुरगुरण्याखेरीज होतं तरी काय?

आणि या दुखण्यात आपला हात किती, तेही पाहू. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या जातींत खुब्याचा सांधा सैल बसण्याचा दोष आनुवंशिक आहे. डॉक्टर त्याला हिप डिस्प्लेशिया म्हणतात. आई-बापांचे एक्स-रे काढून, सदोष जोड्या न लावता तो पुष्कळ कमी करता येतो. पण पिल्लू घेताना किती जण विचारतात, आईच्या खुब्याचा एक्स-रे दाखवा म्हणून? विचारतात ते रंग, कागद आणि भाव. हौस भागली की पिल्लू फ्लॅटमध्ये येतं आणि आयुष्यभर गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर घसरत राहतं.

मग लाड सुरू होतात. चहाबरोबर बिस्किटं, पोळीवर तूप, सणाला श्रीखंडाची वाटी. गुबगुबीत कुत्रा म्हणजे खात्यापित्या घरचा कुत्रा, अशी आपली समजूत. अमेरिकेत एकाच वेतातल्या लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून 48 कुत्र्यांवर जन्मभर लक्ष ठेवलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाऊ घातलं. 2002 साली निष्कर्ष छापून आले: कमी खाणारे कुत्रे सरासरी पावणेदोन-दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांना संधिवाताचा त्रास बराच उशिरा सुरू झाला. बिस्किटाचा पुडा बंद करायला काही खर्च येत नाही. येतो तो फक्त आपल्या प्रेमाच्या कल्पनेला धक्का.

औषधाच्या बाबतीत आपण आणखी धीट. घरातल्या डब्यातली आयबुप्रोफेनची अर्धी गोळी पोळीत दडवून देणारे सुशिक्षित लोक पुष्कळ आहेत. त्या गोळीने कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दुखऱ्या सांध्याला चोळलेलं मलम तो चाटतो आणि तेही पोटात जातं. जनावरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक देण्यावर 2006 साली बंदी आली, तीही ते दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मरत होती म्हणून. कुत्र्याच्या पोटासाठी कोण एवढं करतो! खरं तर पशुवैद्याकडे मेलोक्सिकॅमसारखी औषधं आहेत. वजन पाहून, रक्त तपासून ती देतात. काळी शी किंवा उलटी झाली, की गोळी थांबवून लगेच दाखवायचं. पण तिथे फी जास्त वाटते. वाढदिवसाला त्याच्या नावाने केक कापून फोटो काढताना खर्च मोजला होता का?

औषधाबाहेरचं बहुतेक काम तर घरातल्या जुन्या सामानात भागतं. वावरायच्या वाटेवर सतरंज्या आणि गोणपाट अंथरायचे, म्हणजे पाय घसरत नाहीत. झोपायला गार फरशीऐवजी जाड गादी. नखं वेळेवर कापायची. रविवारी एकदम टेकडीवर दमवण्यापेक्षा रोज तीनचार वेळा थोडं थोडं फिरवायचं, कारण बसून राहिलेला सांधा जास्तच आखडतो. थंडीत सोसेल इतक्या गरम फडक्याने शेक. वाटी जरा उंचावर ठेवली, तर मान आणि खांदे आखडलेल्या कुत्र्याला बरं पडतं. यातलं एकही काम विद्वत्तेचं नाही. मग ते होत का नाही? कारण त्यासाठी रोज त्याच्याकडे पाहावं लागतं.

कायद्याचं बोलायचं, तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम पाळणाऱ्यावर जनावराचं विनाकारण दुखणं टाळण्याची जबाबदारी स्पष्ट टाकतं. अकराव्या कलमात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. कटिंग चहा आणि वडापावच्या भावात निर्दयतेची पावती! धर्माची कथाही वेगळी नाही. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण हार घालतो, खंडोबाच्या कुत्र्याला नैवेद्य दाखवतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट कीर्तनात ऐकून डोळे पुसतो. घरी परत येताना पार्किंगमधल्या म्हाताऱ्या कुत्र्याला लाथेने बाजूला करतो, गाडी लावायची असते ना.

या ढोंगाचा कळस शेवटच्या दिवसांत दिसतो. कुत्रा उठू शकत नाही, अंगाला जखमा झाल्या आणि पशुवैद्य म्हणाला, आता झोपेचं इंजेक्शन द्यावं. तेव्हा वर्षभर दुखण्यावर एक गोळी न आणणारं घर एकदम धार्मिक होतं. छे छे, पाप लागेल! आणि आठ दिवस तो त्या गादीवर, किंवा गादीवाचून, तडफडत राहतो. दुसऱ्या टोकालाही लोक आहेत. ते नुसत्या लंगडण्यावरून कुत्रा आणतात आणि म्हणतात, डॉक्टर, संपवून टाका, आता सांभाळणं होत नाही. एक जण पुण्याच्या नावाखाली वेदना लांबवतो, दुसरा सोयीच्या नावाखाली आयुष्य तोडतो. कुत्र्याला नेमकं कुठे दुखतंय, दिवसभरात किती वेळ दुखतंय आणि ते कमी करायला आजवर काय काय करून पाहिलं, हे तीन प्रश्न तपासणीच्या टेबलाशी दोघांपैकी कुणीही विचारत नाही. ते डॉक्टरनेच विचारावेत, आणि उत्तर मिळेपर्यंत मालकाला खोलीबाहेर जाऊ देऊ नये.