आधी डंबेल, मग ट्रेडमिल

उर्दूतल्या ‘कसरत’चा मूळ अर्थ व्यायाम असा नाही. अरबीतून आलेला हा शब्द, अर्थ विपुलता, एखादी गोष्ट भरपूर आणि पुन्हा पुन्हा असणं. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीने तालीम उचलली आणि थेट लाल मातीत नेऊन ठेवली. कोल्हापुरात ‘गंगावेश तालीम’ म्हटलं की कुणाला वर्ग आणि फळा आठवत नाही. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरला याची गंमत वाटते. पण आपल्या वस्त्यांत गल्लोगल्ली जिम निघाल्या, तिथे कसरत वाढली आणि तालीम राहून गेली, असं माझं मत आहे.

मी जातो त्या जिममध्ये पोरं बेंचवर आडवी होतात, बायसेप्स फुगवतात आणि घरी जातात. ट्रेडमिलला हात लावत नाहीत. चाळिशीपुढचे माझ्यासारखे लोक शुगरचा रिपोर्ट आल्यावर येतात. पाऊण तास ट्रेडमिलवर घाम काढायचा आणि मग उरलेल्या दमात दोनचार मशीन ओढायच्या, हा त्यांचा क्रम. माझं म्हणणं, हा क्रम उलटा करा.

कारण साधं आहे. वजन उचलायला ताजे स्नायू लागतात. दमलेल्या मांड्यांनी स्क्वॉट मारला की कंबर वाकते, गुडघा आत जातो. चालायचं काम दमलेले पायही करू शकतात. सुरुवातीला पाच-दहा मिनिटं हलका वॉर्मअप हवाच, तो या हिशोबात धरू नका.

रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने 1980 साली दहा आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक गट फक्त वजनं उचलणारा, एक फक्त दम वाढवणारा, एक दोन्ही करणारा. दोन्ही करणाऱ्यांच्या पायांची ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थांबली आणि शेवटी घसरू लागली. या एका प्रयोगावर लोकांनी ‘कार्डिओ केलं की मसल जळतो’ ही अफवा उभी केली. ते लोक आठवड्याचे पाच-सहा दिवस जीव तोडून दोन्ही व्यायाम करत होते हे कुणी सांगत नाही. अर्धा तास चालल्याने आपल्या दंडाचं काही बिघडत नाही. नंतरच्या अभ्यासांतून दिसलं ते एवढंच की वजन आधी घेतलं तर पायांची ताकद थोडी जास्त वाढते, आणि दमाच्या बाबतीत क्रमाने फारसा फरक पडत नाही. चरबीचं म्हणाल तर ती क्रमावर नाही, एकूण खाण्यावर आणि एकूण हालचालीवर ठरते. त्यासाठी भांडत बसू नका.

माझा एक जुना विद्यार्थी पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याने विचारलं, “सर, आधी पळू का आधी वजन मारू?” त्याला मी पळ म्हणालो. मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण 1600 मीटरला आहेत. परीक्षा ज्याची, तो विषय ताज्या डोक्याने, हे शिक्षकाला कुणी शिकवायला नको. शक्य असेल तर सकाळी धावणं आणि संध्याकाळी वजनं, हे सगळ्यात उत्तम. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र क्रम डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. व्यायामात साखर अचानक उतरू शकते, आणि रोजा असेल तर विचारणं जास्तच गरजेचं.

खरी काळजी मला आपल्या बायकांची वाटते. त्यांच्या हाती डंबेल कुणी देतच नाही. ‘वजन उचललं तर बाई पुरुषासारखी दिसेल’, हे मी शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलंय. तसं होत नाही, बाईच्या शरीरात तेवढं टेस्टोस्टेरॉनच नसतं. उलट वय वाढतं तसा स्नायू झिजतो, आणि पाळी थांबल्यावर हाडंही वेगाने ठिसूळ होतात. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस पुरुष आणि स्त्री दोघांनाही सारखीच आहे: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. आपण पहिली अर्धी ओळ वाचतो आणि अम्मीला बागेत फेऱ्या मारायला पाठवतो.

आपल्या घरांतल्या किती वयस्क बायका आता खुर्चीवर बसून नमाज पढतात, बघा. सगळा दोष गुडघ्याच्या वाटीचा नसतो. जमिनीवरून हात न टेकता उठायला मांडीत जोर लागतो, आणि नुसतं चालून तो फारसा येत नाही. गुडघेदुखीवाल्यांनाही डॉक्टर मांडीचे व्यायाम सांगतात ते याचसाठी.

आमच्या जिममध्ये बायकांची वेळ दुपारी दोन ते चार. फी पुरुषांइतकीच. त्या वेळेत बाई ट्रेनर नाही, आणि दोन-तीन किलोचे डंबेल्स कपाटात कुलूपबंद असतात. मालकाला मी दोनदा सांगितलंय. या महिन्याची फी भरायला जाईन तेव्हा तिसऱ्यांदा सांगणार आहे.