मर्दाच्या नावानं, पण कोणत्या मर्दासाठी?

उत्तर प्रदेशात ‘मेरा अधिकार राष्ट्रीय दल’ नावाचा एक छोटा पक्ष आहे. आद्याक्षरं जोडली की ‘मर्द’. २०१९च्या लोकसभा निवडणुकीत तो उतरला. पुरुषांसाठी वेगळं मंत्रालय हवं, राष्ट्रीय पुरुष आयोग हवा, बायकांच्या बाजूनं झुकलेले कायदे बदला, अशा त्याच्या मागण्या. निवडून कुणी आलं नाही. पक्ष भंडाऱ्यात पोचलेला नाही, पण ही भाषा मात्र रील्समधून साकोली-लाखांदूरच्या पानठेल्यापर्यंत आरामात आलीय. म्हणून तिच्याशी भांडायला हवं.

आधी त्यांचं खरं ते मान्य करू. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात १,२२,७२४ पुरुष होते. हा आकडा बघून ज्याला हसू येतं त्याच्याशी मला बोलायचं नाही. पण रील इथंच संपतं, आणि तोच सरकारी अहवाल पुढं चालू राहतो. लग्नाशी संबंधित कारणं ४.८ टक्के. ‘कौटुंबिक समस्या’ हा ३१.७ टक्क्यांचा मोठा गठ्ठा आहे, त्यात नवरा-बायकोची भांडणंही असणार, नाही म्हणत नाही. पण मेलेल्यांत दर चौथा माणूस रोजंदारीवाला आहे, आणि जवळपास दोनतृतीयांश लोकांचं वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत होतं. पुरुष मरतायत हे खरंच आहे. कोणते पुरुष, हा प्रश्न मात्र ‘मर्द’वाले विचारत नाहीत.

आता आपल्याकडचा सगळ्यात दुखरा विषय: पोरांची लग्नं. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून तरुणांनी कलेक्टर ऑफिसवर मोर्चा नेला. बायको द्या म्हणाले. लोक हसले, पण त्यांनी गर्भलिंगनिदानाचा कायदा नीट राबवा अशीही मागणी केली होती, आणि ती शंभर टक्के बरोबर होती. मुली पोटातच मारल्या तर पुढं नवऱ्या कुठून येणार?

भंडाऱ्याला तर ही सबबही नाही. २०११च्या जनगणनेत जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९८२ स्त्रिया होत्या. राज्याची सरासरी ९२९. म्हणजे आपल्याकडं मुली आहेत. तरी पवनी-लाखनीच्या गावागावात तिशी ओलांडलेली पोरं बसून आहेत. ‘पोरी लय माजल्या’ हे त्यावरचं लाडकं उत्तर. पण माझ्यासारख्या आयटीवाल्याला स्थळं येतात आणि त्याच गावच्या, त्याच जातीच्या, दोन एकर धान करणाऱ्या पोराला येत नाहीत. पोरी माजल्या असत्या तर दोघांसाठीही माजल्या असत्या ना?

हिशोब करू. २०२५-२६ ला साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. एकरी पंधरा क्विंटल धरले तर साडेपस्तीस हजार. त्यातून नांगरणी, खत, रोवणी, कापणी, चुरणी वजा करा. मग पाऊस आणि रानडुक्कर यांचा वाटा. मुलीच्या घरचेही याच बांधीत राबतात. आईबरोबर गुडघाभर चिखलात वाकून जिनं पऱ्हे लावलेत, तिनं ‘नोकरीवाला पाहा’ म्हटलं तर तो पुरुषद्वेष कसा? ती शेतीला नाही म्हणतेय. आणि खरं सांगायचं तर तो पोरगाही मनातून शेतीला नाहीच म्हणत असतो.

गोसेखुर्दची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हातून झाली. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा. पुढं तो हजारो कोटींवर गेला आणि कालव्यांची कामं दशकानुदशकं रेंगाळली. त्या वर्षी जन्मलेला पोरगा आज चाळिशीला टेकलाय. त्याचा आयुष्याचा जोडीदार कुणी हिरावला, याची चौकशी करायची तर मी सिंचन खात्यापासून सुरू करीन. पुरुष आयोग त्यात काय करणार?

राहिला कायदा. ४९८-अ कलम १९८३चं, आता ते भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ झालंय. त्याचा गैरवापर होतो हे खुद्द सुप्रीम कोर्टानं अनेकदा म्हटलंय. अशा गुन्ह्यात पोलिसांनी उठसूट अटक करू नये, हे अर्नेश कुमार खटल्यात २०१४ मध्येच सांगितलंय. खटले वर्षानुवर्षं लोंबकळतात, त्यात निर्दोष माणूस पिचतो, हेही खरं. मग मागणी जास्त न्यायाधीशांची करा. तारखा लांबल्या की छळ झालेली बाईही तितकीच पिचते.

आणि ‘पुरुष’ ही एकच जात असल्यासारखं बोलणाऱ्यांनी एकदा मोहाडी तालुक्यात यावं. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भैयालाल भोतमांगे यांची बायको सुरेखा, मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन ही दोन मुलं जमावानं मारली. मारणारे गावातलेच, बहुतेक पुरुष. भैयालाल बौद्ध होते, अल्पभूधारक शेतकरी होते. भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी दिली, २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं ती पंचवीस वर्षांच्या शिक्षेवर आणली. पुढं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जानेवारी २०१७ मध्ये भैयालाल नागपुरात वारले, तेव्हाही ते तिथंच पडून होतं.